खोप्यासमोर बसून

आमच्या गावच्या घराच्या पडवीत, तुळईला, सुगरणीचा एक खोपा कितीतरी वर्षे टांगलेला होता. तो मीच आणला होता. पुरंदर तालुक्यात आमची थोडी जमीन, एक विहीर आणि विहिरीवर झुकलेली एक बाभूळ. पावसाळ्यात त्या बाभळीच्या, पाण्यावर आलेल्या फांद्यांना खोपे लोंबायचे. मी सातवीत असताना गणपतीच्या सुट्टीत आत्याच्या मुलाने आणि मी आकडी लावून त्यातला एक तोडला. बक्षीस जिंकल्यासारखा मिरवत घरी आणला, तेव्हा आजी भाकरी थापत होती. तिने हात पुसून खोपा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि नळीतून दोन बोटे आत घातली. आत तीन पांढरी अंडी होती. त्यातली दोन फुटली होती.

“बाळंतिणीची खोली मोडून आणलीस की रे,” एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा भाकरीकडे वळली.

खोपा मात्र कोणी टाकला नाही. वस्तू सुंदरच होती. पाहुणे यायचे, हात लावून बघायचे, “काय कारागिरी आहे!” म्हणायचे. दिवाळीत त्याच्या शेजारी आकाशकंदील लागायचा. तो खोपा आमच्याकडे पंधरा-वीस वर्षे होता आणि तेवढ्या काळात आम्हां कोणालाही सुगरण पक्ष्याविषयी नवे असे काहीच कळले नाही. तो कोणी विणला, किती दिवसांत विणला, अंडी कोणी उबवली, आकडी लागली तेव्हा झाडावर कोण ओरडत होते, यातले काही त्या वाळक्या विणीवर लिहिलेले नव्हते.

पुढे इतिहास शिकवण्यात नोकरीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर पाखरांच्या नादी लागलो, तेव्हा स्नेही विचारू लागले, “मास्तर, यात इतिहास कुठला?” प्रश्न रास्त आहे. सुगरण आपल्या आजीच्या काळी विणत होती तसाच खोपा आजही विणते. पण माणूस घरट्याकडे कसा पाहत आला, याला इतिहास आहे. तो फार जुना नाही आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या कोकणकिनाऱ्यावर लिहिले गेले आहे.

पेटीतली अंडी

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी उभा केला, ते बहुतेक इंग्रज अधिकारी होते. त्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव सर्वांत मोठे. आपण त्यांना राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ओळखतो. ज्या १८८५ साली काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले, त्याच साली ह्यूमसाहेबांनी आपला पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यात ८०,००० हून अधिक नमुने होते. नमुने म्हणजे बहुतांशी भुसा भरलेली कातडी. हजारो अंडीही होती.

त्याआधी, १८७३ पासून, ह्यूम यांनी भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. देशभरातले कलेक्टर, लष्करी अधिकारी, डॉक्टर, वनाधिकारी त्यांना पत्रे लिहीत आणि घरट्यांची मापे, जागा, अंड्यांचे रंग कळवीत. यूजीन ओट्स यांनी १८८९-९० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती तीन खंडांत काढली. आजही तो ग्रंथ चाळताना त्या माणसांच्या चिकाटीपुढे मान लवते. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंचीवर घरटे करतो, हे ज्ञान त्यांनीच गोळा केले.

पण या ज्ञानाची एक अट होती. घरटे उतरवायचे, अंडी काढायची, त्यांना बारीक भोक पाडून आतला बलक फुंकून टाकायचा आणि टरफल कापूस घातलेल्या पेटीत ठेवायचे. पालक पक्षी ओळखू आला नाही, तर त्यालाही बंदुकीने पाडायचे. अभ्यास सुरू होई तेव्हा संसार संपलेला असे.

सुगरणीच्या बाबतीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. तिचा खोपा सर्वांच्या डोळ्यांत भरणारा, त्यामुळे त्याविषयी लिहिले खूप गेले. तरी दोन कोडी सुटेनात. एक म्हणजे, प्रत्येक वस्तीत पुरे झालेल्या खोप्यांबरोबर कितीतरी अर्धवट खोपे लोंबत असतात. वरून टोपीसारखे, खाली उघडे, मधून एक आडवी पट्टी, नळी नाही. ते कशासाठी? समज असा होता की, मादी अंड्यांवर बसली असताना नराला झुलत बसायला हा झोपाळा केलेला असतो. दुसरे कोडे आतल्या चिखलाच्या गोळ्यांचे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत सांगतात की, सुगरण त्या ओल्या मातीत काजवे चिकटवते, रात्री घरात उजेड हवा म्हणून. साहेब लोकांतले काही म्हणत, वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन. काजव्याची गोष्ट आणि झोपाळ्याची गोष्ट, दोन्ही गोड आहेत. पण दोन्ही रिकाम्या खोप्याकडे बघून सुचलेल्या आहेत.

बादशहाची फुरसत

घरटे न मोडता पाहण्याची रीत आपल्या देशात नव्हतीच असे मात्र नाही. जहांगीर बादशहाच्या आठवणींत त्याच्याकडच्या सारसांच्या एका जोडीचे वर्णन येते. त्यांची नावे त्याने लैला आणि मजनू अशी ठेवली होती. रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून पहारा देतो, पहाटे पाळी बदलते; किती दिवसांनी पिल्ले बाहेर आली, हेही त्याने लिहून ठेवले. सारस काही चिमुकला पक्षी नव्हे आणि ही जोडी पाळलेली होती. तरी नजर खऱ्या निरीक्षकाची आहे.

या मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर १९२७-२८ च्या सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेखमाला आली. ती लिहिणारा तरुण म्हणजे सालिम अली. बादशहाकडे बघत बसायला फुरसत होती. या तरुणाकडे ती लवकरच येणार होती, पण वेगळ्या वाटेने.

बंदुकीपासून शिडीपर्यंत

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. हातात छर्‍याची बंदूक होती आणि चिमण्या हे ठरलेले लक्ष्य. १९०८ मध्ये मारलेली एक चिमणी वेगळी दिसली. गळ्यावर पिवळा डाग होता. ती ओळखून घ्यायला मुलगा सोसायटीत गेला, तिथले सचिव मिलर्ड यांनी त्याला कपाटे उघडून दाखवली, आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते.

त्याआधीची एक नोंद मात्र मला अधिक बोलकी वाटते. वय नऊ-दहा. घरच्या तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते, आत मादी, बाहेर खुंटीवर नर. मुलाने आडोशाला दबा धरून नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला. तोही टिपला. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि दर वेळी नवा जोडीदार हजर झाला. मुलाने हे वहीत लिहून ठेवले ते आपल्या नेमबाजीचा पराक्रम म्हणून. ती नोंद साठेक वर्षांनी जशीच्या तशी छापली गेली, तेव्हा वाचकांना दिसले की त्यात चिमण्यांच्या संसाराविषयी एक खरे निरीक्षण दडलेले आहे. माझ्या आकडीची आणि त्या छर्‍याच्या बंदुकीची जात एकच. फरक इतकाच, की त्या मुलाने नंतर काय घडले तेही पाहिले आणि लिहिले.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात उमेदवारी, १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह, १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी. मग अभ्यासाची रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जिथे नमुने जपतात त्या संग्रहालयात, एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र पाहिले. स्ट्रेसेमानना ते आयुष्यभर गुरू मानत. युरोपात तेव्हा वारे बदलत होते. पक्षी मोजणे, मापणे, त्यांना नाव देणे पुरेसे नाही. जिवंत पक्षी कसा वागतो हाही शास्त्राचा विषय आहे, असे नवे लोक म्हणू लागले होते.

१९३० मध्ये परत आले तर नोकरी नव्हती. पैशांअभावी ती जागाच रद्द झाली होती. वय तेहतीस, विद्यापीठाची पदवी नाही, हातात परदेशी शिक्षण आणि खिशात काही नाही. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून नवराबायको किहीमला गेले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, अलिबागजवळचे हे किनाऱ्यावरचे गाव. तिथे कुटुंबाचे लहानसे घर होते. पावसाळा लागला आणि घराजवळच सुगरणींची वस्ती जमली.

किहीमचा पावसाळा

सालिम अलींनी जे केले ते ऐकायला अगदी साधे आहे. खोप्यांच्या उंचीवर नजर पोहोचेल असा आडोसा केला आणि रोज त्यात बसून राहिले. नर आणि मादी यांचे येणे-जाणे, प्रत्येक खोप्याची प्रगती, तारखेनिशी लिहीत गेले. तोवर सुगरणीवर लिहिणाऱ्या कोणी एकाच वस्तीला इतका सलग वेळ दिला नव्हता.

त्यांना दिसले ते असे. पावसाच्या सुरुवातीला झाडावर येतात ते सगळे नर. डोके आणि छाती हळदीसारखी पिवळी झालेली. गवताच्या, भाताच्या किंवा माडाच्या पातीच्या कडेला चोचीने खाच पाडायची, टोक धरून उडायचे आणि लांब पट्टी फाडून आणायची, अशा शेकडो फेऱ्या. आधी फांदीला गाठ, मग कडे, मग त्या कड्यावर टोपीसारखे छत. इथे येऊन काम थांबते. त्या सुमारास माद्यांचा थवा वस्तीत उतरतो. लगेच नर खोप्याखाली उलटे लटकून पंख फडफडवू लागतात, कल्ला करतात. मादी एकेका अर्धवट खोप्यात शिरते, आतून वीण ओढून बघते, निघून दुसऱ्यात जाते. कुठे पसंत पडले, तर तिथे राहते. त्यानंतरच नर उरलेले काम हाती घेतो, अंड्यांचा कप्पा बंद करतो आणि प्रवेशाची लांब नळी विणतो.

मादी आत अंड्यांवर बसली, की नर तिथे फारसा रेंगाळत नाही. थोड्या अंतरावर दुसरी गाठ मारतो. नवा खोपा, नवी मादी. जमल्यास तिसराही. म्हणजे एका नराचे एकाच हंगामात, एकापाठोपाठ एक, अनेक संसार. अर्धवट खोप्यांचे कोडेही इथेच उलगडले. तो झोपाळा नव्हता, माद्यांनी नाकारलेले घर होते. चिखलाचे गोळे अशा टोपीच्या अवस्थेतल्या खोप्यांत लावलेले दिसतात. काजव्यांची रोषणाई कुठे सापडली नाही.

हा निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सालिम अलींचे जगभर नाव झाले त्याची सुरुवात या कामापासून धरावी लागेल. लक्षात घेण्यासारखे म्हणजे, अंड्यांचे युग तेव्हा संपले नव्हते. स्टुअर्ट बेकर यांचा घरटी-अंड्यांवरचा चार खंडांचा ग्रंथ १९३२ ते १९३५ मध्ये, किहीमच्या निबंधानंतरच निघाला. दोन रीती काही काळ शेजारी शेजारी नांदत होत्या.

याच वर्षांत दूर अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात, मार्गारेट मोर्स नाइस नावाच्या गृहिणी घराजवळच्या नदीकाठी एका चिमणीवर्गीय गाणाऱ्या पक्ष्याच्या जोड्या पाहत होत्या. पाच मुलींची आई. विद्यापीठात शिकलेल्या, पण कुठलीही नोकरी, पद किंवा प्रयोगशाळा नसलेल्या. १९२८ पासून आठ वर्षे त्यांनी पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालून, एकेक पक्षी ओळखीचा करून, कोणाची जोडी कोणाशी, किती पिल्ले, त्यातली किती जगली, हे टिपले. त्यांचे सविस्तर काम पहिल्यांदा छापले ते जर्मन भाषेत, आणि ते छापणारे संपादक होते एर्विन स्ट्रेसेमान. बर्लिनचा हा एकच माणूस किहीमच्या बेकार तरुणाचा गुरू आणि कोलंबसच्या गृहिणीचा संपादक होता, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. घरट्याचे रहस्य ज्यांना उलगडले, त्या दोघांकडेही पद नव्हते, पगार नव्हता. त्यांच्याकडे होता तो रोज त्याच जागी जाऊन बसण्याचा वेळ.

सुगरण कोण?

आपल्या भाषेपुढे या शोधाने एक पेच टाकला. हिंदीत या पक्ष्याला बया म्हणतात, इंग्रजीत विणकर. आपण मात्र सुगरण म्हणतो. ज्या बाईच्या हाताला गुण आहे, जी घर नीट चालवते, ती सुगरण. बहिणाबाई चौधरींनी खोप्यावर गाणे रचले ते याच श्रद्धेने, की आईने पिल्लांसाठी घर बांधले. त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आली. तोवर किहीमचा निबंध छापून वीस वर्षे उलटली होती, पण इंग्रजी नियतकालिकातली गोष्ट असोद्याच्या शेतात पोहोचण्याचे कारण नव्हते. मग आपले नाव चुकले का? विणणारा तर नर!

बरीच वर्षे मी वर्गात सांगत असे, की होय, नाव चुकले. गेल्या काही पावसाळ्यांनी माझे मत बदलले.

विहिरीवरची बाभूळ

निवृत्तीनंतर त्याच विहिरीशी, त्याच बाभळीच्या समोर, मी खुर्ची टाकून बसू लागलो. आडोसा म्हणजे जुनी ताडपत्री. पहिले आठ दिवस काही समजले नाही. नुसता पिवळा गोंधळ. मग एक नर ओळखू येऊ लागला. त्याच्या शेपटीचे एक पीस तुटके होते. त्याने टोपीपर्यंत आणलेला पहिला खोपा दोन माद्यांनी आत शिरून नाकारला. एकीने तर चोचीने एक धागा असा ओढला की मलाच लाजल्यासारखे झाले. त्याने तो सोडला आणि वीतभर अंतरावर नवी गाठ मारली. तो पसंत पडला.

नळी पुरी झाली आणि त्यानंतर त्या खोप्याशी त्याचा संबंध जवळजवळ संपला. तो पलीकडच्या फांदीवर होता. इकडे मादी बारीक कापसासारखे काहीतरी चोचीत घेऊन आत जात होती. मग तिचे बाहेर येणे कमी झाले. सुमारे दोन आठवडे ती अंड्यांवर बसते, हे पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्षात ते दोन आठवडे म्हणजे भाद्रपदातला वारा, फांदी कुठल्या कुठे हेलकावते आहे, आणि खोप्यातून काही हालचाल नाही. एका सकाळी ती हिरवी अळी घेऊन आत गेली, तेव्हा पिल्ले निघाल्याचे कळले. दाणे खाणारा हा पक्षी, बाजरीच्या कणसांवर आला की आम्ही गोफण घेऊन धावतो. पण पिल्लांना भरवतो ते मुख्यतः किडे. टोळ, अळ्या, सुरवंट. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत ती शेतातून खोप्यात, खोप्यातून शेतात. तुटक्या शेपटीचा नर या कामात क्वचितच दिसला. सतरा-अठरा दिवसांनी नळीच्या तोंडाशी एक डोके दिसले, आत गेले, पुन्हा दिसले.

विणण्याची कला त्याची, यात शंका नाही. पण कोणती वीण टिकेल हे ठरवले तिने, आतली मऊ गादी केली तिने, ऊब दिली आणि भरवले तिने. नुसत्या विणलेल्या वस्तूला घर म्हणायचे नसेल, तर नाव चुकलेले नाही. आजीने तोडलेल्या खोप्याला बाळंतिणीची खोली म्हटले होते. नर-मादीचा हिशेब तिने कधी वाचला नव्हता. तिने दोन बोटे आत घालून नेमके पाहिले होते.

हे सगळे पाहिल्यावर मला माझ्या आकडीचा हिशेब मांडता आला. मी तोडला तो पूर्ण नळीचा खोपा होता, म्हणजे नराच्या सुमारे अडीच आठवड्यांच्या श्रमाचा. त्यात अंडी होती, म्हणजे एका मादीने तो पारखून घेतला होता आणि त्यात बसली होती. ती त्या वेळी आत नव्हती एवढेच. झाडावर एक पक्षी आमच्या डोक्यांवरून पुन्हा पुन्हा फिरत होता, हे मला आजही आठवते. तेव्हा आम्ही त्याला खडा मारला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हेही येते. तो कायदा वाचताना मला पहिल्यांदा जाणवले की आपण आयुष्यात एकदा शिकार केलेली आहे.

पडवीतला खोपा आता नाही. घराची कौले बदलताना तो कधीतरी गेला. गेल्या दिवाळीत पुतण्याची मुलगी आकाशकंदिलाशेजारी टांगायला खोपा मागत होती. बाभळीवरचे खोपे तोवर ओस पडले होते, पिल्ले उडून गेली होती. “आता तर रिकामाच आहे ना, आबा?” ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते आणि मलाही क्षणभर मोह झाला. मी तिला म्हटले, पाडव्यानंतर आठवडाभर रोज सकाळी माझ्याबरोबर चल, मग ठरवू.

चौथ्या दिवशी तिलाच दिसले. पांढऱ्या गळ्याच्या दोन लहानशा मुनिया एका जुन्या खोप्याच्या नळीतून आत जात होत्या. सुगरणीने सोडलेले खोपे मुनिया थंडीत वापरतात. कधी रात्रीच्या निवाऱ्याला, कधी स्वतःच्या अंड्यांसाठी. हे मी तिला सांगणार होतो, पण ती बोट ओठांवर ठेवून मलाच गप्प करत होती.

कंदील यंदाही एकटाच लागणार आहे.